घरच्या जिमची जमीन: आधी पायाखाली बघा, मग वजन उचला

चंदीगडमध्ये जानेवारीतल्या सकाळी सहा वाजता फिरायला निघून बघा. धुकं इतकं असतं की समोरचा दिवा दिसत नाही. मेच्या शेवटी निघालात तर सकाळी आठलाच ऊन चटके देतं आणि दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. सुखना तलावाकाठचा फेरफटका कितीही आवडता असला, तरी वर्षातले तीन-चार महिने तो चुकतोच. त्यातून इथल्या आयटी पार्कात नोकरी असेल, तर मीटिंगच्या वेळा अमेरिकेच्या घड्याळावर चालतात आणि जिमची फी भरूनही जाणं होत नाही. म्हणून किशनगड, मनीमाजरा, पंचकुला या भागात भाड्याने राहणारी बरीच कुटुंबं घरातली एक खोली किंवा गच्चीवरची बरसाती व्यायामासाठी मोकळी करतात. पुण्यात, ठाण्यात, नागपुरात तुम्हीही हेच केलं असेल किंवा करायच्या विचारात असाल.

आम्हीही केलं. डंबेल्सचा सेट आणला, बाक आणला, दोरीवरच्या उड्यांची दोरी आणली, भिंतीला आरसा लावला. जमिनीचा विचार सगळ्यात शेवटी केला आणि तोही रंग बघून! एकमेकांत अडकणारे फोमचे रंगीत तुकडे मागवले, अंथरले, फोटो काढले.

अकराव्या दिवशी बाकावर बसून व्यायाम करताना नवऱ्याच्या हातून दहा किलोचं डंबेल निसटलं. फोमवर पडलं म्हणून आम्ही हुश्श केलं. फोम उचलून पाहिला तर खालच्या टाइलला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा. घर भाड्याचं, टाइल घरमालकांची. त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आंटीजी वर आल्या. रागावल्या नव्हत्या, पण थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, ‘‘बेटा, सुबह-सुबह ऊपर क्या गिरता है? अंकल की नींद खुल जाती है.’’ अंकल आठवड्यापूर्वीच हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आले होते. आम्हाला त्याची गंधवार्ताही नव्हती. टाइलचे पैसे डिपॉझिटमधून गेले त्याचं वाईट वाटलं, पण आंटीजींच्या त्या एका वाक्याने जास्त लाजल्यासारखं झालं.

म्हणून या वेळी यंत्रांबद्दल नाही, डाएटबद्दल नाही, तर पायाखालच्या जमिनीबद्दल बोलू या. घरच्या जिमवर खर्च करताना ही गोष्ट यादीत सगळ्यात खाली असते. खरं तर ती सगळ्यात वर हवी.

तालमीला हे आधीच ठाऊक होतं

माझे सासरे कोल्हापूरकडचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तरुणपणी तालमीत जायचे. फोनवर टाइलची हकीकत ऐकून ते हसले आणि म्हणाले, ‘‘अगं, तालमीतली माती रोज उकरत्यात, ती काय हौस म्हणून?’’

विचार केला तर आपल्याकडच्या व्यायामाची सुरुवातच जमिनीपासून होते. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव असं काय काय मिसळतात. रोज ती खणून भुसभुशीत करतात, मग सारखी करतात. न उकरलेली माती काही दिवसांत दगडासारखी घट्ट होते आणि तिच्यावर पाठ आपटली तर हाड मोडू शकतं. म्हणजे आपटलेल्या शरीराचा धक्का जमिनीने थोडा आपल्या अंगावर घ्यावा, हे तालमीतल्या वस्तादांना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं.

जमीन बदलली की व्यायामही बदलतो, हेही कुस्तीनेच शिकवलंय. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावं लागलं आणि तिची त्यांना सवय नव्हती. तिथे ते सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी कसून तयारी केली आणि 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आजही महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन वेगळे विभाग असतात, कारण मातीत पाय रुततो आणि गादीवर तो सरकतो. दोन्हींवरचा डाव सारखा नसतो.

आपल्या घरात ना माती आणता येईल ना कुस्तीची गादी. पण प्रश्न तोच आहे: या जमिनीवर मी नेमकं काय करणार आहे?

आधी व्यायाम ठरवा, मग जमीन

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर लिहा की घरात कोण कोणता व्यायाम करणार आहे. स्वप्नातला नाही, खरा. कारण एकच जमीन सगळ्याला चालत नाही.

सूर्यनमस्कार, योगासनं, प्राणायाम: इथे पकड महत्त्वाची. घामाने तळवा घसरला तर मनगट किंवा खांदा दुखावतो. साध्या फरशीवर चार ते सहा मिलिमीटर जाडीची, न घसरणारी मॅट पुरते. खूप जाड, गुबगुबीत मॅट घेतली तर वृक्षासनात तोल जातो. गुडघे टेकताना दुखत असतील तर पूर्ण मॅट जाड घेण्यापेक्षा गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल घ्या.

जोर, बैठका, पोटाचे व्यायाम, हलके डंबेल्स: आठ ते दहा मिलिमीटरचं रबर चांगलं. वजन अगदी हलकं, म्हणजे दोन-तीन किलोचंच असेल तर घट्ट फोमही चालेल.

दोरीवरच्या उड्या, एरोबिक्स, झुंबा: जमिनीने धक्का झेलायला हवा, पण पाय आत रुतायला नको. मऊ फोमवर उड्या मारताना घोटा मुरगळण्याचा धोका असतो. दहा-बारा मिलिमीटर रबर योग्य. वरच्या मजल्यावर राहत असाल तर उड्यांसाठी सोसायटीचं अंगण किंवा बागच बरी. त्याचं कारण पुढे सांगते.

ट्रेडमिल, सायकल: यांना जाड गादी नको असते. खाली मऊ फोम किंवा दाट गालिचा असेल तर यंत्र डुगडुगतं, मोटरला हवा कमी मिळते आणि ती तापते. पाच-सहा मिलिमीटरची घट्ट रबरी मॅट पुरे. ट्रेडमिलच्या मागे मात्र निदान सहा फूट मोकळी जागा सोडा. मागे भिंत किंवा कपाट असेल आणि पाय घसरला तर फार वाईट लागतं.

जड बारबेल, डेडलिफ्ट, मोठे डंबेल्स: पंधरा ते पंचवीस मिलिमीटर रबर, आणि खाली प्लायवूड असेल तर उत्तम. आपण खरोखर एवढं वजन उचलणार आहोत का, हेही स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

फोमखाली टाइल का फुटली?

याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. दहा किलोचं डंबेल अर्धा मीटर उंचीवरून पडलं असं धरा. ते थेट टाइलवर पडून एका मिलिमीटरच्या आत थांबलं, तर टाइलवर येणारा सरासरी दाब त्याच्या वजनाच्या सुमारे पाचशे पट, म्हणजे जवळजवळ पाच हजार किलो. तेच थांबायला पाच मिलिमीटर मिळाले तर दाब हजार किलोवर येतो. दहा मिलिमीटर मिळाले तर पाचशेवर. हिशेब ढोबळ आहे, पण सूत्र पक्कं आहे: थांबायला जितकं अंतर जास्त, तितका धक्का कमी.

मग बारा मिलिमीटरच्या फोमने काम का केलं नाही? कारण हलका फोम म्हणजे बहुतेक हवाच. जड आणि टोकदार वस्तू त्याला क्षणात तळापर्यंत दाबून टाकते आणि उरलेला सगळा धक्का खालच्या टाइलला बसतो. बोटाने दाबून बघा. अंगठा सहज तळाला लागत असेल तर तो फोम वजनासाठी नाही. रबर मात्र दाबलं तरी विरोध करत राहतं, म्हणून तेवढ्याच जाडीत जास्त धक्का पोटात घेतं.

फोममुळे आणखी एक गोष्ट घडते. खांद्यावर वजन घेऊन बैठका मारताना टाच आत जाते, पाय स्थिर राहत नाही आणि त्याचा ताण गुडघ्यावर आणि कमरेवर येतो. मऊ म्हणजे सुरक्षित, हा आपला समज इथे उलटा ठरतो.

बाजारात काय काय मिळतं?

फोमचे अडकवायचे तुकडे: स्वस्त, हलके, घरच्या घरी बसतात. ताणाचे व्यायाम, लहान मुलांच्या कोलांट्या यांसाठी ठीक. बाकाचे पाय ठेवले की कायमचे खड्डे पडतात. उन्हात आकसतात, कडा वर येतात.

रबरी टाइल: जुन्या टायरांचा चुरा गोंदाने दाबून बहुतेक टाइल बनतात. दहा मिलिमीटरपासून पंचवीस-तीसपर्यंत जाडी मिळते. टिकाऊ, जड, जागची न हलणारी. एखादी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. घरच्या जिमसाठी बहुतेकांना हाच पर्याय योग्य.

रबरी रोल: सांधे कमी म्हणून दिसायला सुबक आणि झाडायला सोपा. पण जड असतो, जिन्यातून वर न्यायला दोन-तीन माणसं लागतात आणि घर बदलताना पुन्हा तीच कसरत. भाड्याच्या घरात टाइलच सोयीच्या.

व्हिनाइल: दिसायला लाकडासारखं, पुसायला सोपं. योग, नृत्य, हलका व्यायाम यांना चांगलं. वजन पडलं तर धक्का झेलत नाही.

लाकडी किंवा लॅमिनेट जमीन: स्टुडिओत छान दिसते. पण घाम, पाणी आणि पावसाळी दमट हवा यांनी लॅमिनेट फुगतं. कोकण, मुंबई, गोवा इथे तर विचारपूर्वकच.

सतरंजी, गालिचा: सतरंजीवर प्राणायामाला बसावं, जोर मारू नयेत. गुळगुळीत फरशीवर ती सरकते. गालिचा घाम शोषतो आणि धुणं अवघड असल्याने वास धरतो.

खाली कोणती फरशी आहे, ते बघा

वर काय अंथरायचं हे खालच्या फरशीवरही अवलंबून असतं. चंदीगडच्या जुन्या सेक्टरांतल्या घरांत मोझॅक असतं. इथले लोक त्याला ‘चिप्स’ म्हणतात. नव्या फ्लॅटांत व्हिट्रिफाइड टाइल. महाराष्ट्रात जुन्या घरांत शहाबादी, कोटा किंवा कोबा.

पहिली तपासणी आवाजाची. रुपयाचं नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलवर मधे आणि चारही कोपऱ्यांत हलके ठोका. भरीव, टणक आवाज आला तर खाली सिमेंट नीट भरलंय. पोकळ, बद्द आवाज आला तर टाइलखाली पोकळी आहे. अशा जागेवर वजन किंवा बाकाचा पाय येऊ देऊ नका. आमची फुटलेली टाइल नंतर काढली तेव्हा खाली अशीच पोकळी निघाली. दोन मिनिटांची तपासणी केली असती तर बाक फूटभर सरकवला असता.

दुसरी तपासणी ओलाव्याची. तळमजला, बरसाती किंवा बाथरूमशेजारची खोली असेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि चोवीस तास ठेवा. उचलल्यावर कागदाच्या आत पाण्याचे थेंब किंवा खालची फरशी गडद दिसली तर जमिनीतून ओल येते आहे. तिच्यावर रबर अंथरलं तर ओल कोंडून बुरशी धरेल. आधी ओल बंद करा. ही तपासणी पावसाळ्यात करणं जास्त खरं.

तिसरी गोष्ट फार थोड्या विक्रेत्यांकडून कळते. व्हिनाइलच्या जमिनीवर रबर थेट अंथरू नका. रबरातली रसायनं हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतात. ते कशानेही निघत नाहीत. फिकट संगमरवरावरही डाग पडण्याची भीती असते. मधे प्लायवूडचा थर घाला, म्हणजे घर सोडताना घरमालकांशी वाद नको.

खालच्या मजल्यावर कोणीतरी झोपलेलं असतं

आता आंटीजींच्या प्रश्नाकडे येते. आवाज दोन प्रकारचा असतो. गाणी, बोलणं हा हवेतून जाणारा आवाज. दार-खिडकी लावली की कमी होतो. दुसरा असतो आदळण्याचा. डंबेल टेकलं, उडी मारली, ट्रेडमिलवर पाय पडला की धक्का थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि स्लॅब ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो. हा आवाज दार लावून थांबत नाही. खालच्या घरात तो छतातून ‘धप्प’ असा उतरतो, आणि वर आपल्याला तो तितका ऐकूही येत नाही. म्हणूनच वरच्यांना वाटतं, ‘आम्ही तर काहीच आवाज करत नाही.’

रबर या धक्क्याची धार काढतं, टणत्कार जातो. पण खोल ‘धप्प’ पूर्ण जात नाही, कितीही जाड रबर घेतलं तरी. त्यासाठी थर उपयोगी पडतात: खाली रबर, त्यावर अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन थर, वर पुन्हा रबर. प्लायमुळे एका जागी पडलेला भार पसरतो आणि दोन्हीकडचं रबर धक्का खातं. जड वजनं उचलणाऱ्यांनी निदान वजन टेकण्याच्या जागेपुरतं तरी असं करावं.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र सवयीचा आहे. वजन टाकायचं नाही, टेकवायचं. जे वजन हळू खाली ठेवता येत नाही, ते घरात उचलायचं नाही. उड्या घराबाहेर. आणि पहाटे पाच ते सात या वेळात फक्त आसनं.

अंथरल्यावर एक परीक्षा जरूर घ्या. घरातल्या एकाने नेहमीचा व्यायाम करायचा आणि दुसऱ्याने खालच्या घरात, त्यांच्या परवानगीने, पंधरा मिनिटं बसायचं. आम्ही हे केलं. आंटीजींनी चहा केला, मी छताकडे कान लावून बसले. डंबेल्स चालली, ट्रेडमिल नव्हतीच, पण दोरीच्या उड्या जाड रबरावरही स्पष्ट ऐकू आल्या. त्या दिवसापासून दोरी खाली बागेत गेली.

स्लॅब एवढं वजन पेलेल का?

हा प्रश्न घरोघरी ज्येष्ठ मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वापराचा भार धरून आखतात. दहा फूट बाय दहा फुटांची खोली म्हणजे नऊ चौरस मीटरपेक्षा थोडी जास्त. ही जागा भरून पसरलेला भार अठराशे किलोच्या आसपास येतो. त्यामुळे नीट बांधलेल्या इमारतीत बाक, डंबेल्स, सायकल आणि रबर यांची चिंता सहसा नसते.

पण दोन ‘पण’ आहेत. एक, भार पसरलेला हवा. सगळ्या जड प्लेट्स खोलीच्या मधोमध एका जागी रचू नका. भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा. दोन, हा हिशेब स्थिर वजनाचा आहे, आदळणाऱ्या वजनाचा नाही. आणि जुना वाडा, लाकडी तक्तपोशीचा मजला, जुनी चाळ, बाहेर काढलेली बाल्कनी किंवा ओल लागलेला स्लॅब असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय जड सामान चढवूच नका.

रबराचंही वजन असतं, हे विसरू नका. एक चौरस मीटर आणि दहा मिलिमीटर जाडीचं रबर साधारण दहा किलो भरतं.

खरेदीला जाताना

पूर्ण खोली झाकायची गरज नसते. व्यायाम जिथे होतो तेवढीच जागा मोजा. आम्ही दुसऱ्या खेपेला सहा फूट बाय आठ फूट एवढीच जागा धरली. दोन बाय दोन फुटांच्या बारा टाइल बरोबर बसल्या, एकही कापावी लागली नाही. जाडी पंधरा मिलिमीटर, एकूण वजन पासष्ट-सत्तर किलो. खोलीचा उरलेला भाग मोकळा, तिथे कपडे वाळतात. पूर्ण खोली करणार असाल तर कापण्यात जाणारा माल धरून दहा टक्के जास्त घ्या.

शक्यतो डोळ्यांनी बघून घ्या. पंजाब-चंदीगडकडे राहणाऱ्यांना जालंधर जवळ आहे. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथे आणि मेरठला खेळाच्या सामानाचे कारखाने उभे केले, आणि आजही देशातलं बरंचसं सामान याच दोन शहरांतून येतं. महाराष्ट्रात मोठ्या शहरांतल्या क्रीडासाहित्याच्या बाजारात नमुने बघता येतात. ऑनलाइन घेणार असाल तर आधी एकच तुकडा मागवा.

नमुना हातात आला की चार गोष्टी करा. कोपरा दुमडा: भेगा पडल्या किंवा चुरा गळाला तर नको. पांढऱ्या ओल्या फडक्याने जोरात घासा: काळा रंग उतरला तर तो तुमच्या पायांना आणि कपड्यांनाही लागेल. जाडी पट्टीने मोजा: सांगितलेल्या जाडीत आणि प्रत्यक्षात फरक निघतो. आणि वास घ्या. नव्या रबराला थोडा वास असतोच, पण डोळे चुरचुरावेत इतका उग्र असेल तर परत करा.

दर चौरस फुटाचा आहे की टाइलचा, वाहतूक आणि वर चढवण्याची मजुरी कोणाची, हे आधी विचारा. रबर जड असल्याने वाहतुकीतच बजेट कोलमडतं.

अंथरताना आणि नंतर

नवीन टाइल आणल्या आणल्या बसवू नका. दोन दिवस गॅलरीत किंवा उघड्या खिडकीपाशी, सावलीत पसरून ठेवा. वास कमी होतो आणि रबर खोलीच्या तापमानाला स्थिरावतं. चंदीगडसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळा आणि उन्हाळा यांच्यात पस्तीस-चाळीस अंशांचा फरक पडतो, तिथे भिंतीलगत बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढी फट सोडा. नाहीतर उन्हाळ्यात रबर प्रसरण पावून मधे फुगवटा येतो. भाड्याच्या घरात गोंद लावू नका. वजनामुळे टाइल जागेवर राहतात. जिथे रबर संपतं तिथे उतरती कड लावा. पंधरा मिलिमीटरचा उंबरा अंधारात अडखळायला पुरतो.

निगा सोपी आहे. रोज झाडणं, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवणं. फिनाइल, ब्लीच, रॉकेल यातलं काही नको. रबर खराब होतं. तेलाचंही तसंच. अंगाला खोबरेल चोळून त्यावर व्यायाम करायची सवय असेल तर वर जुनी चादर अंथरा, कारण तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. दर दोन-तीन महिन्यांनी, आणि पावसाळ्यात दर महिन्याला, चार टाइल उचलून खाली ओल किंवा बुरशी नाही ना बघा.

घरातल्या लहानांचं आणि थोरांचं बघा

रांगणारं मूल असेल तर टायरच्या चुऱ्याच्या रबरावर त्याला सोडू नका. हाताला लागलेलं सगळं तोंडात जातं. फोमच्या बाबतीतही सावध राहा. 2010-11 मध्ये बेल्जियम आणि फ्रान्स यांनी मुलांच्या फोम पझल मॅटच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यांत फॉर्मामाइड हे घातक रसायन आढळलं होतं. त्यामुळे मुलांसाठी मॅट घेताना अगदी स्वस्त, उग्र वासाची आणि कोणतीही माहिती न छापलेली मॅट टाळा.

ज्येष्ठांसाठी उलट काळजी. त्यांना मऊ जमीन सुरक्षित वाटते, पण मऊ जमिनीवर तोल सांभाळणं अवघड असतं. फिजिओथेरपिस्ट तोलाचा व्यायाम अवघड करण्यासाठी मुद्दाम फोमवर उभं करतात. आजी-आजोबांना खुर्ची धरून व्यायाम करायचा असेल तर घट्ट, पातळ, न घसरणारी जमीन द्या आणि खुर्चीचे चारही पाय एकाच पातळीवर ठेवा.

निघण्यापूर्वी पाच प्रश्न

आम्ही नेमकं काय करणार? सगळ्यात जड वजन किती? खाली कोणती फरशी आहे आणि ती पोकळ किंवा ओली आहे का? खालच्या घरात कोण राहतं, त्यांची झोपेची वेळ कोणती? आणि हे घर आमचं की भाड्याचं? या पाचांची उत्तरं लिहून दुकानात गेलात तर विक्रेता तुम्हाला रंग दाखवण्याऐवजी जाडी दाखवेल.

चौथा प्रश्न आम्ही सगळ्यात उशिरा विचारला. तुम्ही तो आधी विचारा. सामान यायच्या आधी एक दिवस खाली जाऊन सांगून या की आम्ही वर व्यायामाची खोली करतोय, त्रास झाला तर लगेच कळवा. आमच्या अंकलची तब्येत आता बरी आहे. डॉक्टरांनी त्यांना हातापायांचे हलके व्यायाम सांगितलेत. मागच्या आठवड्यात ते आंटीजींना घेऊन वर आले, बूट दाराबाहेर काढले, रबरावर दोनदा पाय दाबून बघितला आणि विचारलं, ‘‘ये वाला कितने एमएम का है?’’